पहिली घंटा आणि घरची धाकधूक

जूनचा मध्य उलटला की जबलपूरच्या बाजाराचे रूप बदलते. आंब्यांच्या ढिगांशेजारी दप्तरे टांगलेली दिसू लागतात, वह्यांचे गठ्ठे सुटतात आणि छत्र्या बाहेर येतात. मध्य प्रदेशात शाळेचे नवे वर्ष खरे तर एक एप्रिललाच सुरू होते. पण मध्ये उन्हाळ्याची लांबलचक सुटी येते. म्हणून घरच्यांच्या लेखी खरी शाळा पावसाच्या पहिल्या सरींबरोबरच उघडते.

रिछाई हा या शहराचा औद्योगिक भाग. १९०४ मध्ये उभी राहिलेली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ मध्ये सुरू झालेला वाहन कारखाना यांनी जबलपूरला कामगारांचे शहर बनवले. मोठ्या कारखान्यांच्या सोबतीने लहान उद्योगही आले. मोठ्या कारखान्यातल्या नोकरदाराला मुलाच्या शाळेसाठी रजा टाकता येते. रोजंदारीवर काम करणाऱ्या बापाला तशी सोय नसते. मुलाला शाळेत पोचवायचे तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. अशा घरात पहिलीचा पहिला दिवस कौतुकाचा असतो, तसाच हिशेबाचाही असतो.

कागद नाही म्हणून?

गावाकडून कामासाठी आलेल्या आईबापांना पहिली भीती असते ती कागदांची. मूल घरीच जन्मलेले, जन्माचा दाखला काढायचा राहून गेलेला. आधीच्या गावातल्या शाळेचा दाखलाही हाताशी नाही. मग 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हणून मुलाला घरी ठेवले जाते आणि ते धाकट्या भावंडाला सांभाळू लागते. ते पुढचे वर्ष बहुधा उगवतच नाही.

पण हे भय खरे तर अनाठायी आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा अधिकार दिला आहे. वयाचा पुरावा नाही या कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला बाहेर ठेवता येत नाही. प्रवेशासाठी देणगी मागणे, मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेणे यांनाही मनाई आहे. खासगी शाळांमध्ये पहिलीच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतील मुलांसाठी असतात. मध्य प्रदेशात त्यांची सोडत संगणकावर निघते. मात्र अर्ज मुदतीतच करावा लागतो आणि ही मुदत शाळा उघडण्याच्या बरीच आधी संपू शकते. म्हणून चौकशी उन्हाळ्यापूर्वीच करणे शहाणपणाचे.

याच राज्याने एके काळी एक वेगळा प्रयोग केला होता. १९९१ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातील साक्षरता जेमतेम ४४ टक्के होती, स्त्रियांची तर सुमारे २९ टक्के. १ जानेवारी १९९७ पासून सरकारने शिक्षण हमी योजना आणली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि ४० मुलांचे पालक (आदिवासी भागात २५) मागणी करतील, तर ९० दिवसांत तेथे शिक्षक द्यायचा! शाळा मागण्याचा अधिकार प्रथमच पालकांच्या हाती आला आणि हजारो वस्त्यांनी तो वापरला. अशिक्षित आईबापांना शिक्षणाची ओढ नसते, हा समज या मागण्यांनीच खोटा ठरवला.

घरची बोली, शाळेची भाषा

जबलपूरमध्ये मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतात हे शहर आणि विदर्भ एकत्रच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी प्रयत्न करावेत, असे ते सांगते.

प्रत्यक्षात बहुतेक मुलांना वर्गात हिंदीच ऐकू येते. घरी 'पाणी' म्हणणारे मूल शाळेत 'पानी' म्हणायला चटकन शिकते. पण मनातले सारे सांगायला त्याला वेळ लागतो. कुणाच्या घरी मराठी असेल, कुणाच्या बुंदेली, कुणाच्या गोंडी. अडचण सगळ्यांची सारखीच. अशा वेळी मूल गप्प राहिले तर ते मंद आहे असे समजू नये. शाळेच्या धास्तीने घरची भाषा बंद करणे ही तर मोठीच चूक. १९५३ मध्ये युनेस्कोच्या अहवालाने आणि २०२० मध्ये आपल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सुरुवातीच्या शिक्षणासाठी मातृभाषेचाच आग्रह धरला आहे. आजीने रात्री मराठीत सांगितलेली गोष्ट मुलाला शाळेतल्या हिंदी धड्यापासून दूर नेत नाही. उलट तो धडा समजण्याचे बळ देते.

पहिले पंधरा दिवस

मूल रडते म्हणून चार दिवस घरी ठेवले की पाचव्या दिवशी ते जास्तच रडते. त्यापेक्षा निरोप छोटा असावा आणि न्यायला येण्याची वेळ अचूक पाळावी. 'रडलास तर बाई मारतील' असे चुकूनही म्हणू नये. शाळेत मारणे कायद्याने बंद आहे आणि शाळेची भीती घरातूनच घालणे तर त्याहून वाईट. घरी आल्यावर 'काय शिकवले?' याऐवजी 'कुणाशेजारी बसलास?' असे विचारले की मूल आपोआप बोलते.

दुपारचे जेवणही मुलांना शाळेत टिकवून ठेवते. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला. प्राथमिकच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. पहाटे कामावर निघणाऱ्या आईला हा केवढा दिलासा!

जेवण नीट मिळते का, शिक्षक वेळेवर येतात का, हे पाहण्याचा अधिकार पालकांना आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. पण अनेक आयांना वाटते, 'आपल्याला लिहिता येत नाही, आपण तिथे काय बोलणार?' डाळ पातळ आहे, नळाला पाणी नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे सांगायला अक्षरओळख कशाला हवी?

शाळेचे दार कायद्याने उघडले आहे. त्या दारातून मुलाला रोज आत पाठवण्याचे काम मात्र घरालाच करावे लागते. पावसात भिजलेले दप्तर चुलीजवळ वाळत घालून ज्या घरात सकाळी पुन्हा ते मुलाच्या पाठीवर चढते, त्या घराचे नवे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू झाले म्हणायचे.