कापडातला पट्टा आणि शिवणारीवरचा आळ

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला सुरत जवळ. नवापूर तर हद्दीवरच. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये! त्यामुळे इथल्या बाजारात सुरतेचं सिंथेटिक कापड भरपूर. मी घरी ड्रेस शिवते. मैत्रिणींनो, दुकानात झकास दिसलेलं कापड अंगावर चढलं की मध्येच आडवा फिका पट्टा दिसतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. गिऱ्हाईक म्हणतं, 'ताई, इस्त्रीनं जाळलंत!' मागच्या दिवाळीत अशा एका ड्रेसची शिलाई तर बुडालीच, वर कापडाचे पैसेही भरावे लागले.

इस्त्रीचा डाग सहसा इस्त्रीच्याच आकाराचा असतो. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेलेला पट्टा बहुतेकदा धाग्यातलाच. आणि त्यामागे कधी कधी चक्क हवा असते.

पॉलिएस्टरचा धागा म्हणजे केसाहून बारीक तंतूंचा जुडगा. तो विस्कटू नये म्हणून बारीकशा जेटमधून नेताना त्यावर दाबाची हवा सोडतात. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो, इथे बरेचदा त्याहून जास्त. तंतू एकमेकांत गुंततात, थोड्या थोड्या अंतरावर गाठीसारख्या जागा होतात. दाब कमी पडला तर गुंता सैल, तंतू सुटून कापडावर लव येते. फार वाढला तर कापडावर ठिपके उठतात.

मिश्र धाग्यात तर हे जास्तच जाणवतं. दोन तऱ्हांचे तंतू एकत्र केले की ते रंग वेगवेगळा घेतात, मेंदी लावल्यावर पांढरे केस केशरी होतात अन् काळे तसेच राहतात ना, तसं. हवेनं ते नीट मिसळले तर रंग बारीक मिसळलेला, एकसारखा दिसतो. नाही मिसळले तर लांब लांब रेघा. एखाद्या जेटचा दाब घसरला की त्या रिळाचा धागा वेगळा निघतो, आणि आडवा विणला गेला की झाला पट्टा!

म्हणून आता मी कात्री लावण्याआधी कापड गिऱ्हाइकासमोरच उलगडते. ट्यूबलाइटखाली नाही, दारात, दिवसाच्या उजेडात, तिरकं धरून. पट्टा दिसला तर तिथेच खडूनं खूण करून दुकानात परत पाठवते. कापलेलं कापड कोण परत घेणार?