काळा धागा कोण धरणार?

स्वतःच्या हिमतीवर चित्रपट करायला निघालेल्या पोरांशी बोललं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "स्क्रिप्ट रेडी आहे, फक्त टीम मिळत नाहीये." कथेत भूत, राक्षस किंवा रक्तबंबाळ मारामारी असेल तर त्याला शेपूट जोडलेलं असतं, "आणि प्रॅक्टिकल इफेक्ट करणारं तर कुणी सापडतच नाही." म्हणजे संगणकावर नव्हे, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेली करामत करणारं. अडचण खरी आहे. तिची जी कारणं सांगितली जातात, त्यांतली बरीचशी मात्र खरी नाहीत.

"आधी टीम जमू दे, मग काम दाखवू"

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले तेव्हा त्यांच्याकडे ना नट होते, ना कॅमेरामन, ना पैसा. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीच्या रोज थोड्या थोड्या फ्रेम टिपत महिनाभराहून अधिक काळ काढला. पडद्यावर मिनिट-दीड मिनिटात अंकुर फुटून वेल वर चढली. हा छोटा चमत्कार निवडक मंडळींना दाखवून त्यांनी भांडवलाची वाट मोकळी केली. 'राजा हरिश्चंद्र'ची माणसं जमली ती त्यानंतर. आपल्याकडचा स्वतंत्र चित्रपट एका इफेक्टच्या जोरावर उभा राहिला, हे आपण फार पटकन विसरलो.

पुढे १९७८ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये सॅम रायमी, ब्रूस कॅम्पबेल आणि रॉबर्ट टॅपर्ट या तिघांनी हेच केलं. सुमारे १,६०० डॉलरमध्ये सुपर-एटवर 'विदिन द वुड्स' नावाचा अर्ध्या तासाचा भयपट काढला आणि प्रोजेक्टर घेऊन ते डॉक्टर-वकिलांच्या दारी गेले. त्यातले मुखवटे आणि जखमा टॉम सलिव्हनने केल्या होत्या. त्या अर्ध्या तासातून 'द ईव्हिल डेड'साठी पैसा उभा राहिला आणि सलिव्हन त्याही चित्रपटाचा इफेक्टवाला झाला. 'नव्वद पानी स्क्रिप्ट वाच आणि सांग' असं म्हटलं की चांगला कलाकार ती महिनाभर उघडत नाही. फोनवर दीड मिनिटाचा नीट प्रकाशलेला प्रसंग दाखवला, तर "हे कशाने केलंस?" हा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो. तो प्रश्न आला की समजावं, अर्धं काम झालं.

"असली माणसं फक्त मुंबईच्या स्टुडिओत"

फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले आणि तेच तारामती झाले. कॅमेऱ्यासाठी त्र्यंबक तेलंगांना त्यांनी स्वतः शिकवून तयार केलं. सरस्वतीबाई फाळके तर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला हात लावत. त्यांचं नाव अजूनही 'पत्नी' या एका शब्दात गुंडाळलं जातं. आजच्या श्रेयनामावलीत त्यांना निदान चार ठिकाणी जागा द्यावी लागली असती.

प्रॅक्टिकल इफेक्टचं कौशल्य आपल्याकडे 'एसएफएक्स आर्टिस्ट' या पाटीखाली फारसं सापडत नाही, म्हणून ते नाही असं वाटतं. पेणच्या मूर्तिकाराला रबराचा साचा कसा काढायचा, ओतकामात हवेचे बुडबुडे कसे टाळायचे, सांधा कुठे लपवायचा हे हातांना ठाऊक असतं. राक्षसाचं डोकं करताना हेच तर लागतं. गणेशोत्सवात हलते देखावे करणाऱ्यांना मोटर, कप्पी, दोरी यांचा हिशेब कळतो. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभे करणारी आणि शिगम्याच्या चित्ररथांवर हालणारे राक्षस बसवणारी वाड्यावाड्यांतली मुलं म्हणजे इफेक्टची तयार तुकडीच. एकांकिका स्पर्धांच्या रंगभूषाकाराला मर्यादित वेळेत वीस वर्षांच्या मुलाचा सत्तरीचा म्हातारा करता येतो.

अर्थात रंगमंच आणि कॅमेरा वेगळे. दहाव्या रांगेतून शोभणारी सुरकुती क्लोज-अपमध्ये पेन्सिलची रेघ दिसते. म्हणून अशा माणसाला घेतल्यावर त्याच्या कामाची कॅमेरा-चाचणी ठरलेल्या दिव्यांत आधी घ्यावी. आणि मूर्तिकाराकडे जायचं तर गणपतीच्या तोंडावर जाऊ नये. त्या दिवसांत तो तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाही.

"इफेक्टवाला शूटिंगच्या दिवशी आला की झालं"

सर्वांत जास्त नासाडी या समजुतीपायी होते. बाबूभाई मिस्त्री हे आपल्या ट्रिक-छायाचित्रणातलं मोठं नाव. 'ख्वाब की दुनिया' (१९३७) मध्ये वस्तू आपोआप हलताना दाखवायच्या होत्या. त्यांनी त्या काळ्या धाग्याने हलवल्या आणि पुढे 'काला धागा' हे टोपणनावच त्यांना चिकटलं. धागा चार आण्यांचा असेल. पण तो दिसू नये यासाठी मागे गडद पडदा हवा, धाग्यावर उजेड पडता कामा नये, कॅमेऱ्याची जागा पक्की हवी, आणि धागा ओढणाऱ्याला नटाच्या हालचालीची वेळ माहीत हवी. म्हणजे एका धाग्यासाठी कलादिग्दर्शक, छायाचित्रणकार, नट आणि दिग्दर्शक एकत्र बसलेच पाहिजेत. इफेक्टवाल्याला पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यापासून बोलवावं. "हात तुटलेला दाखवायचाय, की तुटताना?" असा एखादा प्रश्न तो विचारतो आणि दोन दिवसांचं शूटिंग वाचतं.

"प्रॅक्टिकल म्हणजे स्वस्त"

साहित्य स्वस्त पडतं, वेळ पडत नाही. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर यांचं रक्त झकास दिसतं. पण ते शर्टावर सांडलं की पुढच्या टेकला तसाच दुसरा शर्ट लागतो, फरशी पुसावी लागते, नटाला धुवावं लागतं, आणि तेवढ्यात मुंग्या येतात. तीन टेक म्हणजे तीन शर्ट आणि अर्धा दिवस. संगणकावर शूटिंगनंतर होणारा खर्च इथे सेटवरच, सगळी मंडळी ताटकळत असताना होतो.

'प्रॅक्टिकल की व्हीएफएक्स' हे भांडणही बरंचसं खोटं आहे. 'तुंबाड' (२०१८) मध्ये पांडुरंग झालेल्या मोहम्मद समदनेच जाड रंगभूषेखाली म्हातारीही साकारली. त्याच चित्रपटात संगणकावरचं कामही भरपूर आहे. शरीर समोर असलं की नट खरा घाबरतो, उजेड खरा पडतो. उरलेली दोरी नंतर पुसता येते.

"घरगुती सामान, त्यात काय धोका?"

चेहऱ्याचा साचा घ्यायला थेट प्लास्टर ऑफ पॅरिस थापू नका. ते घट्ट होताना तापतं आणि कातडी भाजते. दातांच्या डॉक्टरांकडे असतं तसं अल्जिनेट वापरा, आणि नाकपुड्यांकडे बघत राहायला एक माणूस वेगळा ठेवा. लॅटेक्सची काहींना ॲलर्जी असते, त्यामुळे आदल्या दिवशी हातावर थोडं लावून पाहावं. आग, दारूगोळा, स्फोट आणि उंचावरून उडी ही कामं मित्रमंडळींची नव्हेत. परवाना आणि अनुभव असलेला माणूस परवडत नसेल तर प्रसंग बदला. परवानगीचंही तसंच. 'राजा हरिश्चंद्र'च्या चित्रणासाठी वांगणीला गेलेल्या मंडळींजवळच्या ढाली-तलवारी बघून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि त्यांना थेट पकडण्यात आलं. आज हातात नकली पिस्तूल घेऊन उभं राहायचं तर पोलीस ठाण्यात आधी कळवलेलं बरं.

"दोस्तीत कागद कशाला?"

दोस्ती टिकवायलाच. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने वेलिंग्टनमध्ये नोकरी सांभाळत, शनिवार-रविवारी सहकाऱ्यांना घेऊन 'बॅड टेस्ट' (१९८७) काढला. परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले. पण काम चार वर्षं रेंगाळलं, मधेच एक प्रमुख नट बाहेर पडला आणि कथा वळवावी लागली. 'द ईव्हिल डेड'चंही वेळापत्रक लांबलं आणि नट निघून गेल्यावर रायमीला त्यांच्या जागी बदली माणसं उभी करावी लागली. फुकट किंवा अर्ध्या पैशांत येणाऱ्याला शेवटची तारीख सांगणं, प्रवासखर्च आणि पोटभर जेवण देणं ही किमान सभ्यता आहे. 'एक्सपोजर मिळेल' यावर मेसचं बिल भरता येत नाही.

कायद्यातली एक बाब तर फारच थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो. पाच मित्रांनी मिळून काढलेल्या चित्रपटात निर्माता कोण, हे आधी लिहिलेलं नसेल तर महोत्सवात निवड झाली की भांडण ठरलेलं. पटकथा, संगीत, राक्षसाचं रेखाचित्र यांचे हक्क द्यायचे तर सही केलेला लेखी करार लागतो. तोंडी चालत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे इफेक्टवाल्या मित्राने प्रेमाने दिलेला राक्षस सहाव्या वर्षी ओटीटीला विकताना पुन्हा त्याच्या दारात जावं लागतं.