बेटाची रसद

जंजिरा पाहून परतणारा प्रवासी सहसा तीनच गोष्टी सांगतो: राजपुरीची शिडाची होडी, कलाल बांगडी तोफ आणि ‘अजिंक्य’ हा शब्द. त्यातल्या तिसऱ्या गोष्टीशी माझं जुनं भांडण आहे. ज्या कागदामुळे ते सुरू झालं, तो जंजिऱ्याबद्दलचा नाहीच. तो आहे जंजिऱ्याच्या वायव्येला, मुरुडच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या पद्मदुर्गाबद्दलचा. शिवाजीमहाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला १६७० च्या दशकात पाठवलेलं हे खरमरीत पत्र. त्यातला ब्राह्मण म्हणून मुलाहिजा न ठेवण्याचा भाग तेवढा सगळ्यांना ठाऊक असतो. व्यासपीठावरून तो इतक्यांदा उगाळला गेलाय, की मूळ तक्रार काय होती हे कुणी विचारतच नाही. तक्रार पैशाची आणि धान्याची होती. पद्मदुर्गाच्या मदतीला असलेल्या आरमारासाठी दौलतखान आणि दर्यासारंग यांना ज्या वराता (पैसे-धान्य देण्याचे हुकूम) दिल्या होत्या, त्यांचा ऐवज सुभ्यातून पावताच होत नव्हता. हबशाने, म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीने, काही चारून तुला फितवलं की काय, असा संशय घेण्यापर्यंत राजांचा संताप गेला आहे.

आता नकाशा उघडावा. प्रभावळी म्हणजे प्रभानवल्ली, आजच्या लांजा तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुरुडपासून कितीतरी दक्षिणेला. तिथल्या कचेरीत एका कारकुनाने वरात दाबून ठेवली की इकडे समुद्रातल्या खडकावरची चूल विझायची. माझं म्हणणं एवढंच, की जलदुर्ग तटबंदीवर जगत नाही, किनाऱ्यावर जगतो. बेटावर चुना, दगड, तोफा असतात. भात, सरपण, दारूगोळा, होडीची डागडुजी आणि ती वल्हवणारे हात किनाऱ्यावर असतात. म्हणून मुरुडला मुक्काम करून बेटं ‘करून’ येणाऱ्याने मुरुड-राजपुरीकडे केवळ लॉज आणि धक्का म्हणून पाहणं म्हणजे कणगी सोडून रिकामी पाटी न्याहाळणं आहे.

यावर सरळ आक्षेप येतो: मग जंजिरा का पडला नाही? समोरचा मुलूख वैरी झाला तरी सिद्दी टिकलाच ना? आक्षेप वजनदार आहे, आणि बेटाच्या आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत हेही खरं. पण तलावात भात पिकत नाही. १६६० च्या दशकात दंडा-राजपुरी राजांच्या हाती आली, तेव्हा जंजिऱ्याची खरोखरच कोंडी झाली होती. जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान तडजोडीला आला, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्याच माणसांनी त्याला कैद केलं. नंतरच्या सिद्द्यांनी मोगलांची चाकरी पत्करली आणि सुरतेच्या पैशाची, जहाजांची वाट मोकळी झाली. पावसाळ्यात त्यांचं आरमार मुंबईला, माझगावच्या आसऱ्याला जाई. इंग्रज कुरकुरत, पण मोगलांची मर्जी मोडवत नसे. १६७१ मध्ये सिद्दी कासीमने दंडा परत घेतलं. म्हणजे किनारा नसताना जंजिरा टिकला असं नाही. जवळचा गेला तेव्हा त्याने दूरचा धरला, आणि दूरच्याच्या बळावर जवळचा परत मिळवला. १६८२ चा संभाजीराजांचा वेढाही हेच सांगतो. खाडीत दगड टाकून सेतू बांधण्यापर्यंत मजल गेली होती, पण कल्याणकडे मोगल फौज उतरली आणि राजांना वेढा सोडून परतावं लागलं. बेटाचा निकाल पुन्हा जमिनीवरच लागला.

दुसरा आक्षेप असा, की हा हिशोब मांडताना शौर्य हरवतं. मला तसं वाटत नाही. फक्त शौर्याचा पत्ता बदलतो. सोनकोळ्यांचा लाय पाटील पाहा. पेशवे मोरोपंतांच्या मोहिमेत त्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, ठरलेली कुमक आलीच नाही, आणि फटफटायच्या आत शिड्या काढून परतावं लागलं, असं सांगितलं जातं. राजांनी देऊ केलेली पालखी दर्यात फिरणाऱ्याला काय उपयोगाची, म्हणून त्याने नाकारली; तेव्हा राजांनी एक गलबत बांधून त्या गलबताचंच नाव ‘पालखी’ ठेवलं आणि लाय पाटलाला सरपाटीलकी दिली. गोष्ट परंपरेतली आहे, तिचा तपशील ताणू नये. पण तीही वेळेवर न पोचलेल्या मदतीचीच गोष्ट आहे. निफाडात जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेचा उदय हे एकट्या वीराचं काम न मानता समाजाच्या अनेक थरांची उठावणी मानली. तिथे संतही आहेत, घोडेस्वारही. सुभ्यातून गलबतापर्यंत धान्याचं पोतं पोचवणारा माणूस मात्र आपल्या इतिहासलेखनात अजून नीट बसलेला नाही. घाटाखाली माल उतरवायचा म्हणजे काय, हे लासलगावच्या बाजाराशी नातं असलेल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

सिद्द्यांनी स्वतः काय केलं, हेही पाहण्यासारखं आहे. जंजिऱ्याची शान वाढवणारे सिरुलखान, याकूतखान (म्हणजे तोच सिद्दी कासीम) आणि खैरियतखान यांच्या कबरी खोकरीला आहेत, राजपुरीजवळ, जमिनीवर. पुढच्या नबाबांनी राजवाडा बांधला तो मुरुडच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, पुढे किल्ल्यातली वस्तीही किनाऱ्यावर आली. पर्यटनाच्या पाट्यांवर मात्र मान बेटालाच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग त्यात आहेत, आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही आहे, पद्मदुर्ग नाही. त्याची खंत करण्यापेक्षा दिवाळीच्या सुटीत मुरुडला एक रात्र जास्त राहावं. सकाळी राजपुरीहून जंजिरा करावा, दुपारी खोकरीच्या घुमटांना जावं. पद्मदुर्गाला जायचं तर भरती-ओहोटीचं गणित कोळ्याला विचारावं आणि तो नाही म्हणाला तर हट्ट करू नये. जिवाजी विनायकाचं ते पत्र संपूर्ण वाचून निघालं तर उत्तमच. एका वाक्यासाठी ते फार वापरलं गेलंय, उरलेल्या मजकुरात आरमाराचा अख्खा जमाखर्च आहे.