अजिंठ्याची पंधरा मिनिटे

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी साखर तपासून घ्यायला दवाखान्यात आले. वय सहासष्ट, मधुमेह बारा वर्षांपासूनचा. चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला, पण अजिंठा काही पाहणे झाले नव्हते. यंदा मुलगा-सून घेऊन गेले होते. मी सहज विचारले, "काय गुरुजी, झाली का सहल?"

"झाली म्हणायची, डॉक्टरसाहेब. अजिंठ्याला गेलो, पण अजिंठा पाहिला नाही."

हकिगत अशी. जळगावच्या लॉजवर सकाळी सहाला त्यांनी नेहमीची साखरेची गोळी घेतली. लेणी नऊला उघडतात, पहिला नंबर लागला पाहिजे, म्हणून "नाश्ता तिथेच करू" असे ठरले. गाडीचा प्रवास, मग फर्दापूरच्या फाट्यावर उतरून दुसऱ्या बसची रांग, मग तिकिटाची रांग, मग पायऱ्या, आणि शेवटी पहिल्या लेण्याच्या दारातली रांग. साडेदहाच्या सुमारास गुरुजींना दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते तिथेच बसले. शाळेच्या सहलीतल्या एका मुलीने पिशवीतली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून दिली म्हणून निभावले. डोलीत बसवून त्यांना खाली आणले. चित्रांचे दार दहा पावलांवर राहिले.

यात चूक गुरुजींची आहे, तशी माझीही आहे. सहलीआधी ते गोळ्या घ्यायला माझ्याकडेच आले होते. मी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "मजा करा" म्हणालो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर वेळेत खाल्ले नाही तर साखर धोकादायक रीतीने खाली येते, आणि रांगेच्या ठिकाणी जेवणाची वेळ आपल्या हातात राहत नाही, हे मी सांगायला हवे होते. ती राहिलेली गोष्ट आज सर्वांसाठी लिहितो.

रांग कशासाठी?

ताडोब्याच्या सफारीला सकाळ-दुपारच्या वेळा ठरलेल्या असतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अजिंठ्यालाही चित्रांची जी मुख्य लेणी आहेत, म्हणजे क्रमांक १, २, १६ आणि १७, तिथे एका वेळी साधारण चाळीस माणसांना आत सोडतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. लोक वैतागतात. पण यामागचे कारण वैद्यकाच्या पुस्तकातले आहे.

आपण श्वास सोडतो त्या हवेत सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. श्वासावाटे दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपाने जाते. शिवाय स्वस्थ उभा असलेला माणूसही शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतो. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. माती, भुसा आणि गवत कालवून भिंत लिंपली, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि त्यावर रंग भरले. आपल्या खेड्यातल्या कुडाच्या भिंतीला ओल धरली की लिंपण कसे फुगते आणि पोपडे सुटतात, ते आठवून पाहा. दीड हजार वर्षांच्या भिंतीजवळ शंभर माणसे तासभर श्वास घेत उभी राहिली तर दुसरे काय होणार?

परदेशातही हाच अनुभव आहे. फ्रान्समधल्या लास्को येथील आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४० साली सापडली आणि १९४८ साली लोकांसाठी उघडली. प्रेक्षकांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ धरू लागले, तेव्हा १९६३ साली ती बंद करावी लागली. इटलीतील पादुआ गावी जोत्तो या चित्रकाराने रंगवलेले एक प्रार्थनागृह आहे. तिथे आधी पंधरा मिनिटे वेगळ्या खोलीत बसवतात आणि मग पंधरा मिनिटांसाठी आत सोडतात. तेव्हा आपल्या वाट्याला आलेली पंधरा मिनिटे ही त्या चित्रांच्या पथ्याचा भाग आहे. पथ्य म्हटले की डॉक्टरला तक्रार करता येत नाही!

आणि ही चित्रे परक्याची नव्हेत. सोळाव्या लेण्यातील शिलालेख वराहदेवाचा आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या विदर्भातले आजचे वाशीम.

निघण्यापूर्वी

अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही पाहायचे तर हे वार आधी पाहावेत. गडचिरोलीहून नागपूर आणि तेथून रेल्वेने जळगाव, असा रात्रभराचा प्रवास होतो. जळगावहून लेणी सुमारे साठ किलोमीटर आहेत. रात्री गाडीत जागून सकाळी थेट पायऱ्या चढण्याचा हट्ट साठीच्या पुढच्या माणसाने करू नये. एक रात्र मुक्काम करावा. हिवाळा उत्तम. एप्रिल-मे महिन्यात तो काळा दगड तव्यासारखा तापतो.

घरीच एक साधी परीक्षा घ्यावी. आपल्या नेहमीच्या चालीने दोन मजले जिने चढावे. छातीत दाटून आले, बोलता येणार नाही इतका दम लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. अलीकडेच हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल त्यांनी विचारल्याशिवाय निघूच नये. सराव हवा असेल तर चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला जावे. वैनगंगेच्या काठी देवळांच्या शिल्पांभोवती तास-दोन तास चालून, उभे राहून, मान वर करून पाहावे. गुडघे आणि कंबर काय म्हणतात ते तिथेच कळेल, आणि घरही जवळ असेल.

औषधे कुठे ठेवाल?

खासगी गाड्या लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबतात. पुढे तिथल्याच बसने जावे लागते. म्हणजे गाडीत राहिलेली गोळी चार किलोमीटरवर राहिली! दिवसभराची औषधे, जिभेखाली ठेवायची गोळी, दम्याचा पंप हे सर्व अंगावरच्या पिशवीत असावे. एका चिठ्ठीवर आपले नाव, आजार, औषधे आणि नातेवाइकाचा फोन नंबर लिहून ती खिशात ठेवावी.

मधुमेहींनी पोटभर नाश्ता केल्याशिवाय सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नये. रांग लांबली तर मध्येच दोन बिस्किटे खावीत. खिशात साखरेची पुडी हवीच. घाम, थरथर, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा बरळणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर वळवावे आणि दवाखान्यात न्यावे.

चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात. मधुमेहात पाय बधिर झालेले असतात, चटका किंवा खडा टोचलेला कळत नाही. जाड, स्वच्छ मोजे घालावेत आणि रात्री मुक्कामाला तळपाय नीट तपासावेत.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. आणि आमच्या भगिनींना एक विनंती. बाहेर सोय नसेल या धास्तीने दिवसभर पाणीच न पिण्याची सवय सोडावी. वर चढण्यापूर्वी खालीच सगळे उरकून घ्यावे आणि पाणी थोडे थोडे पीत राहावे.

सिकलसेलची मुले

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट सांगितल्याशिवाय सहलीचा लेख पुरा होत नाही. सिकलसेलच्या मुलाला सहलीला नेऊ नये, असे मी कधीच म्हणणार नाही. त्यालाही चित्रे पाहायची आहेत. पण पाणी कमी पडणे, अतिश्रम आणि थंडी या तिन्ही गोष्टींनी त्याचे दुखणे उसळते. शिक्षकांनी अशी मुले आधीच माहीत करून घ्यावीत. त्यांना दर अर्ध्या तासाला पाणी पाजावे, पायऱ्यांवर धावू देऊ नये, पहाटे थंड पाण्याने आंघोळ घालू नये, रात्रीच्या गाडीत स्वेटर घालावे. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सहलीतही चालू ठेवाव्यात आणि तपासणीचे कार्ड सोबत द्यावे. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा असह्य हाडदुखी झाली तर सहल बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

पंधरा मिनिटांत पाहायचे कसे?

लखलखीत उन्हातून अंधाऱ्या लेण्यात शिरल्यावर पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात, पुरती सवय व्हायला अर्धा तास. वय वाढले की आणखी उशीर. पंधरातली दहा मिनिटे अशीच गेली तर हाती काय राहिले? म्हणून रांगेत उभे असतानाच काळा चष्मा लावावा किंवा टोपी-रुमालाने डोळ्यांवर सावली करावी. आत शिरताना चष्मा काढावा, क्षणभर भिंतीशी उभे राहून डोळे मिटावेत आणि मगच पुढे पाऊल टाकावे. लांबचे पाहण्याचा चष्मा विसरू नये. मोबाइलच्या पडद्याकडे पाहिले की मिळवलेला अंधार पुन्हा गेला. फ्लॅश वापरायला तर मनाईच आहे, तो रंगांनाही मारक आहे.

छताची चित्रे पाहताना मान फार वेळ मागे टाकू नये. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्याला चक्कर येते. कोणाचा तरी हात धरून थोडे थोडे पाहावे.

आणि सगळी तीस लेणी पाहण्याची शर्यत कशाला? पाय अशक्त असतील त्यांनी चित्रांची चार लेणी आणि सव्विसाव्यातील बुद्धाचे महापरिनिर्वाण एवढे पाहिले तरी जन्माचे पुरे. तेही झेपत नसेल तर डोलीत बसण्यात लाज मानू नये.

गुरुजी फेब्रुवारीत पुन्हा गेले. या खेपेस आम्ही दोघांनी बसून कागदावर वेळापत्रक केले: उठणे, नाश्ता, गोळी, पाणी, बिस्किटे, विश्रांती. परत आल्यावर तो कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण केलेली होती.

"पद्मपाणी पाहिला?" मी विचारले.

"पाहिला. आधी नुसता काळोख होता. मग हळूहळू कमळ दिसलं, मग हात, मग खाली झुकलेले डोळे. तेवढ्यात शिट्टी वाजली." थोडे थांबून ते म्हणाले, "पुष्कळ झालं, डॉक्टरसाहेब."

साखर तपासली, एकशे अडतीस. तीही पुष्कळ झाली. तुमच्या घरात कोणी सहलीची तयारी करीत असेल, तर बॅग भरण्याच्या आधी त्यांच्या गोळ्यांची आणि जेवणाची वेळ तेवढी एका कागदावर मांडून घ्या.