पासाऊ ते व्हिएन्ना, विजेच्या सायकलवर

युरोपात विजेच्या सायकलने फिरायला जायचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली शंका येते ती बॅटरीची. भर रस्त्यात संपली तर काय? चार्जिंग कुठे मिळणार? डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊहून व्हिएन्नापर्यंत जाणाऱ्या सुमारे ३३० किलोमीटरच्या वाटेचा अभ्यास करताना माझं मत बनत गेलं ते असं की, या साऱ्या बेतातली सगळ्यात सोपी बाब बॅटरीच आहे. डोकं लावावं लागतं ते सायकलच्या वजनाला, मुक्कामांच्या निवडीला आणि बरोबर कोण येणार या प्रश्नाला.

आधी या वाहनाबद्दल. युरोपीय संघात जी विजेची सायकल कायद्याने साध्या सायकलसारखीच धरली जाते, तिची मोटर २५० वॉटपर्यंतची असते. पायडल मारत असतानाच ती मदत करते आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोचला की हात आखडता घेते. या मर्यादेतल्या सायकलला परवाना लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही आणि सायकलींच्या सगळ्या वाटा तिला खुल्या असतात. आपल्याकडच्या पुष्कळ ई-सायकलींना स्कूटरसारखी मूठ पिळून चालण्याची सोय असते. तिकडच्या टूरिंग सायकलींना ती नसते. पाय थांबले की मोटर थांबली. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत साथ देणारा एक वेगवान प्रकारही तिकडे मिळतो, पण कायदा त्याला मोपेडच्या रांगेत बसवतो. नदीकाठच्या सहलीसाठी तो घेऊ नये.

पायडलला साथ देणारी अशी सायकल यामाहाने जपानात १९९३ साली बाजारात आणली. युरोपात तिला खरा बहर आला तो बॉशसारख्या कंपन्या २०१० नंतर यात उतरल्यावर. जर्मनीत २०२३ साली विकल्या गेलेल्या सुमारे ४० लाख सायकलींपैकी २१ लाख विजेच्या होत्या. साध्या सायकलींना त्यांनी प्रथमच मागे टाकलं. याचा प्रवाशाला होणारा फायदा असा की, वाटेवरच्या लहान गावातल्या दुरुस्तीवाल्यालाही या सायकली परक्या राहिलेल्या नाहीत.

स्वतःची ई-सायकल इथून नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि टूरिंग सायकलची बॅटरी बहुधा ४०० ते ७५० वॉट-तासांची असते. म्हणजे सायकल तिथेच भाड्याने घ्यायची. भाडं ठरवताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: सायकल पासाऊत घेऊन व्हिएन्नात परत करता येईल का, चार्जर बरोबर मिळेल का, आणि मधला दांडा खाली असलेली चौकट आहे का. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण साठीच्या पुढच्या माणसासाठी मला ती मोटरइतकीच महत्त्वाची वाटते. ही सायकल पंचवीस किलोच्या आसपास भरते. वयस्कर माणसं या सायकलींवरून पडतात ती बऱ्याचदा वेगात नव्हे, तर चढता-उतरता तोल गेल्याने. पाय सहज पलीकडे टाकता आला आणि थांबल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले की अर्धी भीती तिथेच संपते.

वजनाची दुसरी परीक्षा रेल्वे स्थानकावर होते. जिने, अरुंद दारं, फलाट आणि डब्याच्या पायरीतलं अंतर, आणि गाडी सुटायला दोन मिनिटं. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांत सायकलसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते आणि अशा जागा मोजक्याच असतात. म्हणून माझा आग्रह असा की, सायकल आणि रेल्वे यांची गाठ शक्यतो पडूच देऊ नये. म्युनिकला विमानाने उतरावं, तिथून रेल्वेने साधारण अडीच तासांत पासाऊ गाठावं, सायकल तिथे ताब्यात घ्यावी, व्हिएन्नात सोडावी आणि तिथूनच परतीचं विमान धरावं. मोठी बॅग एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर पोचवणाऱ्या सेवा या वाटेवर रुळलेल्या आहेत. थोडे पैसे मोजून ती सोय घ्यावी. सायकलवर फक्त पावसाळी कोट, पाणी, खाऊ, औषधं आणि कागदपत्रं.

आता ही वाटच का? युरोपभर सायकलचे लांब पल्ल्याचे मार्ग आखलेले आहेत. युरोव्हेलो या नावाने युरोपियन सायकलिस्ट्स फेडरेशन ते जोडते. त्यातला सहावा मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जातो, आणि पासाऊ–व्हिएन्ना हा त्याच्या सगळ्यात गजबजलेल्या टप्प्यांपैकी एक. याचं कारण भूगोलात आहे तसं इतिहासातही. वाफेची जहाजं येण्यापूर्वी डॅन्यूबवर मालाची नाव प्रवाहाविरुद्ध न्यायची तर ती घोड्यांनी ओढावी लागे. त्या घोड्यांसाठी पाण्याला लागून वाट राखलेली होती. १८२९ साली व्हिएन्नात डॅन्यूबवरची आगबोट कंपनी स्थापन झाली आणि हळूहळू घोडे गेले. वाट मात्र नदीच्या देखभालीसाठी उरली. १९८० च्या दशकात तीच सायकलींसाठी खुली झाली. घोड्यांना चढ नको होते, म्हणून आज सायकलवाल्यालाही ते फारसे लागत नाहीत. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, व्हिएन्ना सुमारे १६० वर. एवढा उतार पायाला जाणवतही नाही. पण इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो, आणि तो पाठीशी असणं पूर्ण दिवसात चांगलंच जाणवतं. म्हणून ही सहल पश्चिमेकडून पूर्वेकडेच करावी.

मग वाट सपाट असताना मोटर कशाला? याचं उत्तर या लेखाच्या मुळाशी आहे. एकत्र निघालेल्या चौघांत एक जण रोज सायकल चालवणारा असतो, एकीचा गुडघा दुखरा असतो, एक सत्तरीच्या घरात असतो. साध्या सायकलवर दुसऱ्या दिवशी या चौघांच्या दोन सहली होतात: एक पुढे जाऊन वाट पाहणाऱ्यांची, एक मागून धापा टाकत येणाऱ्यांची. मोटर हे अंतर मिटवते. ताकदवान माणसाने मदत कमीत कमी ठेवावी, कमी ताकदीच्याने वाढवावी, आणि चौघांनी गप्पा मारत बरोबर चालावं. नवराबायकोंनी म्हातारपणी एकत्र फिरण्याचं याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

मोटरचा दुसरा उपयोग नदी सोडण्यासाठी. डॅन्यूबकाठची काही मोलाची ठिकाणं पाण्यालगत नाहीत, टेकडीवर आहेत. मार्बाख गावाच्या वर मारिया ताफर्ल हे मोठं तीर्थक्षेत्र आहे. सतराव्या शतकात सुरू झालेलं तिथलं बारोक चर्च नदीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे. तिथून फार दूर नसलेल्या आर्टश्टेटेनच्या किल्ल्यात, १९१४ साली सारायेव्होत मारले गेलेले आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांची समाधी आहे. साध्या सायकलवरचे बहुतेक लोक खालूनच नमस्कार करून पुढे जातात. ई-सायकलसाठी हिशोब मांडून पाहू. माणूस, सायकल आणि पिशवी मिळून ११० किलो धरले तर २०० मीटर चढायला साधारण ६० वॉट-तास ऊर्जा लागते. मोटरने जवळजवळ सगळा भार उचलला आणि तिचा अपव्यय धरला तरी बॅटरीतून ८० वॉट-तासांच्या आसपास जातील. ५०० वॉट-तासांच्या बॅटरीचा हा सहावा हिस्सा. सपाटीवर मध्यम मदतीने किलोमीटरला ६ ते ८ वॉट-तास लागतात असं धरलं, तर उरलेल्या बॅटरीत ५० ते ७० किलोमीटर निघतात. रोजचा टप्पा त्याहून लहान ठेवला की काळजीचं कारण राहत नाही. रात्री साध्या चार्जरवर चार-पाच तासांत बॅटरी भरते. ऑस्ट्रियातली निम्म्याहून जास्त वीज पाण्यापासून होते आणि तिचा मोठा वाटा याच नदीवरच्या धरणांचा. यब्स-पेर्झेनबॉइगसारख्या धरणाच्या माथ्यावरून सायकलने नदी ओलांडताही येते.

टप्प्यांकडे वळू. पासाऊत घाई करू नये. इथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात आणि तिन्ही पाण्यांचे रंग वेगळे ओळखू येतात. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरवर चढलं होतं, १५०१ नंतर पहिल्यांदाच एवढं. सप्टेंबर २०२४ मध्ये लोअर ऑस्ट्रिया प्रांतात मोठा पूर आला होता. आपल्यासाठी याचा अर्थ असा की, निघण्याच्या आठवड्यात नदीची पातळी पाहावी आणि एखादा दिवस मोकळा राखावा.

पहिल्या दिवशी श्लोगेन, सुमारे ४३ किलोमीटर. तिथे कठीण खडकात अडलेली नदी जवळजवळ उलटी वळते. ते वळण पाहायला सायकलला कुलूप लावून अर्धा-पाऊण तास जंगलातून चढावं लागतं, चुकवू नये. पुढे लिंत्सच्या वाटेवर ओटेन्सहाइमची नाव नदीवर ताणलेल्या दोराच्या आधाराने, केवळ प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते.

लिंत्सनंतर माउटहाउजन. १९३८ ते १९४५ या काळात इथे नाझींची छळछावणी होती. छावणी आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे १ लाख ९० हजार माणसं डांबली गेली आणि त्यांतली किमान ९० हजार मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतून दगड पाठीवर घेऊन कैद्यांना चढायला लावत त्या १८६ पायऱ्या तिथे आहेत. सहलीच्या बेतात हे ठिकाण धरावं असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी अर्धा दिवस ठेवावा आणि त्या दिवसाचा टप्पा लहान करावा. स्मारकाचा चढ खडा आहे. मोटर तिथे पोचवते, एवढंच तिचं काम.

ग्राइनचा मुक्काम करून मेल्क. बेनेडिक्टाइन मठाची पिवळी प्रचंड इमारत याकोब प्रांडटाउअर या वास्तुकाराची. मेल्क ते क्रेम्स हे वाखाऊचं खोरं, २००० सालापासून जागतिक वारसा. अंतर जेमतेम ३८ किलोमीटर, आणि लोक ते सकाळी सुरू करून दुपारी संपवतात. तसं करू नये. इथे मधे श्पिट्झला एक रात्र ठेवावी. दगडी बांधांवरच्या द्राक्षबागा, जर्दाळूची झाडं. विलेनडॉर्फ, जिथे १९०८ साली सुमारे ११ सेंटीमीटर उंचीची अश्मयुगीन स्त्रीमूर्ती सापडली. ड्यूर्नश्टाइन, जिथल्या गडावर इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२–९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. जर्दाळू जुलैत पिकतात. उत्तर काठावर गावं आणि गर्दी, दक्षिण काठ शांत. दोराच्या नावेने मनाला येईल तेव्हा काठ बदलावा. वाइन चाखायची असेल तर मुक्कामावर पोचल्यावर चाखावी. ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही रक्तातल्या मद्याची ०.८ प्रति हजार ही मर्यादा आहे. क्रेम्सनंतर टुल्नला, चित्रकार एगॉन शिलेच्या जन्मगावी, थांबून सातव्या दिवशी व्हिएन्ना; श्पिट्झची रात्र आणि मोकळा दिवस धरून नऊ.

व्हिसाचा एक बारकावा इथेच सांगतो. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करायचा तो जिथे सर्वांत जास्त रात्री काढणार त्या देशाकडे. विमान म्युनिकला उतरत असलं तरी या बेतात रात्री ऑस्ट्रियात जास्त आहेत, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्या विम्यात विजेच्या सायकलवरचा अपघात येतो का, हे विमा कंपनीला स्पष्ट विचारावं.

मे अखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ चांगला. जूनमध्ये व्हिएन्नात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशिरा पोचण्याची धास्ती नाही. रविवारी दुकानं बंद असतात आणि खेड्यातली खाणावळ आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी घेते, म्हणून शनिवारी ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवावीत. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही: चीजमधले श्पेट्झले आणि जर्दाळू भरलेले उकडीचे गोळे जागोजागी मिळतात. सूप मात्र विचारून घ्यावं, बहुतेकदा ते हाडांच्या रसात केलेलं असतं. खोल्या राखताना सायकलसाठी कुलूपबंद जागा आणि चार्जिंगची सोय विचारावी. आणि एक सवय जाण्यापूर्वी मनात घोळवावी: तिकडे रस्त्याची उजवी बाजू आपली. सरळ वाटेवर ती पटकन जमते; घात होतो तो सकाळी गावातून बाहेर पडताना आणि डावीकडे वळताना. गटातल्या शेवटच्या माणसाने मोठ्याने आठवण करून द्यायची, असं ठरवून टाकावं.

हातात दोन दिवस जास्त असतील तर व्हिएन्नाच्या पुढेही जावं. डॅन्यूबच्या पूरमैदानातल्या जंगलात हाइनबुर्ग इथे मोठा वीजप्रकल्प होणार होता. डिसेंबर १९८४ मध्ये हजारो लोक कडाक्याच्या थंडीत त्या जंगलात ठाण मांडून बसले आणि प्रकल्प थांबला. १९९६ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. वाट त्या उद्यानातून जाते आणि सत्तरेक किलोमीटरवर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा येते. स्लोव्हाकियाही शेंगेनमध्ये असल्याने तोच व्हिसा चालतो. सायकलच्या करारात मात्र तिसऱ्या देशाची परवानगी आधीच लिहून घ्यावी लागते, आणि परतीच्या तासाभराच्या रेल्वेत सायकल न्यायची आहे हेही तेव्हाच ठरवावं लागतं.