शस्त्रक्रियेचा मुहूर्त

हृदयविकाराच्या झटक्यानंतर बायपास शस्त्रक्रिया ठरली, तरी डॉक्टर पुष्कळदां कांहीं दिवस थांबावयास सांगतात आणि घरांतील मंडळी व्याकुळ होतात. या विलंबास सबळ कारणें आहेत. दुखावलेल्या हृदयस्नायूंस सावरण्यास अवधि लागतो. शिवाय रक्ताची गुठळी होऊं न देणाऱ्या गोळ्यांचा अंमल ओसरावा लागतो, नाहीं तर शस्त्रक्रियेंत रक्तस्राव आवरणें कठीण होतें. क्लोपिडोग्रेल सुमारें ५ दिवस आधीं, टिकाग्रेलॉर ३ दिवस आधीं डॉक्टरच बंद करवितात. ॲस्पिरिन बहुधा चालूंच असतें. मात्र छातींतील कळ थांबेना किंवा रक्तदाब ढासळूं लागला, आणि स्टेंटचा मार्गही खुंटला, तर घटकेचाही विलंब परवडत नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांनीं उतावीळपणें आग्रह धरूं नये, तसाच पंचांग पाहून दिवसही लांबवूं नये. येथें मुहूर्त रोग्याचें हृदयच सांगतें.