वास्को ते पर्वरी: न्यायमूर्ती ठरतात कसे?

वास्कोच्या न्यायालयातले दिवाणी न्यायाधीश त्या खुर्चीपर्यंत कसे पोहोचले, हे तिथला कुठलाही वकील सांगेल. जाहिरात, लेखी परीक्षा, मुलाखत, निवड यादी. तिथला एखादा दावा मडगावचे जिल्हा न्यायालय करून, झुआरी-मांडवी ओलांडून पर्वरीच्या उच्च न्यायालयात गेला की तिथल्या न्यायमूर्तींबद्दल हाच प्रश्न विचारून पाहा. डिचोली-पेडण्यात हयात घालवलेले वकीलही हात वर करतील.

वाट साधारण अशी: उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ सहकारी नावे सुचवतात, राज्य सरकार मत देते, आयबी चौकशी करते, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायवृंद (कॉलेजियम) शिफारस करतो आणि शेवटी राष्ट्रपतींच्या नावे नेमणूक निघते. अर्ज करायची सोय नाही. ‘न्यायवृंद’ हा शब्द राज्यघटनेतही नाही. ही व्यवस्था 1993 आणि 1998 च्या न्यायालयीन मतांतून उभी राहिली. संसदेने 2014 मध्ये आणलेल्या न्यायिक नियुक्ती आयोगात कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्तींनाही जागा होती. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. मला तो निकाल पटतो, कारण सरकार हाच देशातला सर्वांत मोठा पक्षकार आहे. पण आयोग गेला म्हणून जुनी पद्धत निर्दोष ठरली नाही.

नाव का सुचवले वा का नाकारले, याची कारणे उघड केली तर बिघडत काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयासाठी वकील सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव फेब्रुवारी 2022 मध्ये सुचवले गेले. समाजमाध्यमांवरच्या त्यांच्या मतांवरून सरकारने हरकत घेतली. जानेवारी 2023 मध्ये न्यायवृंदाने ती हरकत आणि तिला दिलेले उत्तर, दोन्ही जाहीर करून नाव पुन्हा पाठवले. नोव्हेंबरमध्ये ते न्यायमूर्ती झाले.

कोणाची निवड होते, हाही प्रश्न आहेच. मुंबई उच्च न्यायालय 1862 चे. त्यात पहिल्या महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, आल्या 1978 मध्ये! गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा इथे अजून चालतो, जमिनीचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत. हे सगळे बाहेरून आलेल्या न्यायमूर्तींना शिकून घ्यावे लागते. 1982 मध्ये गोव्याला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळाले. पुढे इथल्या वकिलांमधून फेर्दिनो रिबेलो, महेश सोनक, तर जिल्हा न्यायालयातून अनुजा प्रभुदेसाई उच्च न्यायालयात गेल्या. अशी माणसे नेमाने निवडली जावीत, योगायोगाने नव्हे.

दुसरी बाजूही गोव्याने ओळखावी. लहान बारमध्ये कोण कुणाचा भाचा हे सगळ्यांना ठाऊक असते. ‘अंकल जज’चा, म्हणजे ज्यांचे नातेवाईक त्याच न्यायालयात वकिली करतात अशा न्यायमूर्तींचा, उल्लेख विधी आयोगाने 2009 च्या 230व्या अहवालातच केला होता. इंग्लंड-वेल्समध्ये 2006 पासून निवड आयोग जागांची जाहिरात देतो, अर्ज मागवतो आणि त्याच्या अध्यक्षपदी वकील-न्यायाधीश नसलेली व्यक्ती असते. आपल्याकडे निदान अर्ज आणि लेखी निकष एवढे तरी उद्यापासून सुरू करता येईल.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये नियुक्त्यांचा तक्ता संकेतस्थळावर टाकला आहे. एकदा उघडून पाहा. आजी-माजी न्यायमूर्तींशी नाते आहे का, याचा रकाना त्यात आहे. कुणाचे नाव का गाळले, याचा नाही.